शांत दिसणारा बंधारा

कुंभकोणम म्हटले की मराठी माणसाला देवळे आठवतात, डिग्री कॉफी आठवते आणि इतिहासाची गोडी असेल तर तंजावरचे भोसलेही आठवतात. पण या गावाचे खरे वैभव म्हणजे पाणी. एका अंगाला कावेरी, दुसऱ्या अंगाला तिचीच शाखा अरसलार आणि उत्तरेला कोळ्ळिडमचे रुंद पात्र. येथून पुढे चिदंबरमजवळच्या पिचावरमला जाऊन खारफुटीच्या जंगलात वल्ह्याच्या होडीतून फिरण्याची हौसही पर्यटक भागवून घेतात. तेथील पाणी संथ असते. नदीची गोष्ट मात्र वेगळी आहे.

चोळ राजा करिकालाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणैचा बंधारा कुंभकोणमच्या पश्चिमेला आहे आणि आर्थर कॉटन यांच्या योजनेप्रमाणे १८३६ मध्ये बांधलेला अणैक्करैचा बंधारा ईशान्येला. या बंधाऱ्यांनी तंजावरला भाताचे कोठार बनवले. मात्र होडी वल्हवणाऱ्यासाठी आणि नदीत डुंबणाऱ्यासाठी याच बांधकामांच्या आसपास सर्वाधिक धोका असतो.

पहिला धोका न पडलेल्या पावसाचा! जुलै-ऑगस्टमध्ये कुंभकोणमला आभाळ बहुधा कोरडे असते. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतरचा. पण त्याच वेळी दूर कोडगूच्या डोंगरात धो धो कोसळत असते. कर्नाटकातील धरणे भरतात, मग मेट्टूर भरते. मेट्टूरचे पाणी तीन-चार दिवसांत खाली पोहोचते आणि जादा पाणी कोळ्ळिडममध्ये सोडले जाते. काल वाळू दिसत होती तेथे आज पुरुषभर पाणी, आणि डोक्यावर मात्र लख्ख ऊन! ३ ऑक्टोबर २०२२ रोजी पूंडी येथील चर्चच्या यात्रेला आलेले तूत्तुक्कुडीकडील ६ जण कोळ्ळिडममध्ये आंघोळीला उतरले आणि बुडाले. परक्या गावच्या माणसाला नदीचा स्वभाव ठाऊक नसतो. म्हणून आभाळाकडे पाहण्याआधी धरणातून पाणी सोडले आहे का, हे गावकऱ्यांना विचारावे.

दुसरा धोका खुद्द बंधाऱ्याचा. फार उंच नसलेल्या बंधाऱ्यावरून पाण्याची गुळगुळीत चादर खाली पडते. दृश्य मोठे देखणे! पण हे पाणी तळाशी आपटून पुढे उसळते आणि पृष्ठभागावरचा प्रवाह उलटा, बंधाऱ्याकडेच, वळतो. त्यात सापडलेली होडी, ओंडका किंवा माणूस पुढे वाहून जात नाही. तो पुन्हा पुन्हा पडत्या पाण्याखाली ओढला जातो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने अंग नीट तरंगत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा तेथे हतबल होतो. आणि कयाक म्हणजे दुहेरी पात्याच्या वल्ह्याची ती चिंचोळी होडी. तिच्यात बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम हातभर वर असतात. वरच्या बाजूने येताना त्याला बंधारा दिसतच नाही. पाणी एका सरळ रेषेत संपल्यासारखे वाटते. ती रेषा दिसली की काठ गाठावा, होडी उचलून चालत पलीकडे न्यावी.

३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधील हॅवरफोर्डवेस्ट गावात ९ जण उभ्याने वल्हवायच्या फळ्यांवरून सहलीला निघाले. पावसाने नदी फुगलेली होती. वाटेत बंधारा आहे, याची नीट कल्पना सर्वांना दिलेली नव्हती. चौघांचा जीव गेला. हा अपघात टाळता आला असता, असाच चौकशीचा निष्कर्ष निघाला. सहल नेणाऱ्या व्यक्तीला २०२५ मध्ये साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. नीट विचार केला तर चूक केवढी? आधी जाऊन पाणी पाहिले असते, सोबत्यांना चार वाक्ये सांगितली असती, तर सहल बहुधा रद्द झाली असती, एवढेच.

अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे १९७५ मध्ये अशाच बंधाऱ्याखाली अडकलेल्यांच्या शोधासाठी गेलेल्या अग्निशमन दलाच्या ३ जवानांना प्राण गमवावे लागले. तेव्हा कोणी सापडले तर आपण उडी मारू नये किंवा होडी जवळ नेऊ नये. काठावरून दोर, बांबू, गेला बाजार साडी फेकावी. सहलीच्या सामानात तरंगणारा दोर असलाच पाहिजे.

महाराष्ट्रात तर गावोगावी कोल्हापुरी बंधारे आहेत. बरगे घातलेल्या बंधाऱ्यावरून पाणी पडू लागले की तेथे पोरे पोहायला जमतात, आणि तेथेही पाणी असेच उलटे फिरते. कोलाडच्या कुंडलिकेवर आणि पवना जलाशयावर कयाकची हौस वाढत चालली आहे. कुंडलिकेचा प्रवाह तर वीजप्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर चालतो, म्हणून तेथे वेळ विचारूनच उतरावे.

जीवरक्षक जॅकेटची गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे ते अजून शोभेची वस्तू मानले जाते. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण बुडाले. वारा सांगून येत नाही; जॅकेट आधीच अंगात हवे. होडीच्या बैठकीखाली ठेवलेले जॅकेट उलटल्यावर सापडत नाही. ‘मला पोहता येते’ म्हणणाऱ्या बाप्यांनाही सूट नको.

मुलांच्या बाबतीत आईने एक परीक्षा घ्यावी. जॅकेटचे सगळे पट्टे आवळून ते दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढावे. ते मुलाच्या हनुवटीच्या वर, कानांपर्यंत सरकले तर मोठे आहे. पाण्यात पडताच मूल त्यातून खाली निसटेल. लहानग्यांना मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलेच जॅकेट मागावे. ते नसेल तर काठावर बसून वेफर्स खावेत.