विश्लेषण : घरगुती दुर्बीण अडखळते कशामुळे?

दोनशे पट मोठा दिसणारा गुरू दुर्बिणीत जेमतेम मिनिटभर टिकतो. पृथ्वी फिरते, ग्रह सरकतो. त्याच्यामागे नळी हलकेच ढकलावी लागते. पण ती आधी अडते, मग झटक्यात पुढे जाते आणि ग्रह निसटतो.

जॉन डॉब्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत लोकप्रिय केलेल्या प्लायवूडच्या बैठकीत गिअर नाहीत, मोटर नाही. सगळी भिस्त घर्षणावर. म्हणून बॉल बेअरिंगचा मोह टाळलेला बरा, वाऱ्यानेही नळी हलू लागते. टेफ्लॉनचे वैशिष्ट्य असे, की हलायला सुरुवात करताना आणि हलत असताना त्याचे घर्षण जवळपास सारखेच असते. त्याचे तीन तुकडे तळाच्या पायांच्या नेमके वर बसवतात. त्यांवर टेकणारा सनमायका बारीक दाणेदार हवा, अगदी गुळगुळीत असेल तर टेफ्लॉन उलट चिकटते.

तुकडे मोठे असले की फिरणे सोपे होईल, हा समज चुकीचा. टेफ्लॉनवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो भार चांगला. तो कमी पडत असेल तर तुकडे कापून लहान करावेत. तरीही बैठक आडवी फिरताना जड वाटली, तर मधल्या बोल्टवर पातळ वॉशर घालून थोडे वजन तिथे घ्यावे. मात्र वॉशर जास्त झाले की बैठक डुगडुगते.