ठिपक्यांची चौकट आणि गुरुजी

गेल्या काही वर्षांतील बालभारतीची पाठ्यपुस्तके चाळली, तर त्यांत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक लहानशी चौकट छापलेली आढळते. तिला ‘क्यूआर कोड’ म्हणतात. दुकानात पैसे देताना आपण ती रोज पाहतो. पण शाळेच्या पुस्तकात तिचे काय काम, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. आपल्या महाविद्यालयातील आम्ही बरेच जण बी.ए. नंतर बी.एड. करून खडू हाती घेणार आहोत. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असे वाटते.

या चौकटीचा जन्म शाळेत नव्हे, कारखान्यात झाला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट ठेवता यावी, म्हणून 1994 साली जपानमध्ये डेन्सो या उद्योगातील मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. जुन्या बारकोडच्या रेघांत माहिती एकाच दिशेने साठविली जाते. येथे ती आडवी व उभी अशा दोन्ही दिशांनी साठते. तीन कोपऱ्यांतील ठळक चौकोनांवरून यंत्राला चौकट कोठे आहे व कशी फिरलेली आहे, हे कळते. मजकुराची जास्तीची नोंदही आत असते. त्यामुळे थोडा भाग मळला किंवा फाटला, तरी ती वाचता येते. शाळकरी पोराच्या पुस्तकाला हा गुण मोठाच उपयोगी!

ही चौकट मराठी शाळेत आणण्याचे श्रेय आपल्या शेजारच्याच एका शिक्षकाकडे जाते. रणजितसिंह डिसले हे मूळ बार्शीचे. 2009 साली ते सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली व त्यामागे ध्वनिमुद्रित कविता, गोष्टी, चित्रफिती आणि स्वाध्याय ठेवले. 2017 मध्ये राज्य शासनाने अशी पाठ्यपुस्तके काढण्याचे जाहीर केले. 3 डिसेंबर 2020 रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. चौकटीत धडा नसतो, धड्याचा केवळ पत्ता असतो. पोस्टकार्डावर पत्ता लिहिला, म्हणून पाहुणा घरी येत नाही. त्याला रस्ता लागतो. हा रस्ता म्हणजे वीज, फोन आणि नेटवर्क. 2017 साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय मंचावरील साहित्य आधी उतरवून घेता येते व मग नेटवर्कवाचूनही दाखविता येते. तेव्हा जाणता शिक्षक ही तयारी आदल्या दिवशीच करून ठेवतो. चाळीस मिनिटांच्या तासातील कोणती पाच मिनिटे पडद्याला द्यावयाची, हेही तोच ठरवितो. बटण कोणते दाबावे, हे शिकण्यास दोन दिवस पुरतात; केव्हा दाबू नये, हे शिकण्यास अनुभव लागतो. प्रसंगी बटण शिष्याकडूनही शिकावे लागते. माझ्या परिचयातील एक वयस्क गुरुजी सातवीच्या मुलांना निःसंकोच विचारतात. त्यामुळे त्यांचा मान तिळमात्र कमी झालेला मी पाहिला नाही.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार करू. कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मूल बरोबर गेले, तर शाळा सुटते. पुस्तक मात्र गाठोड्यातून नेता येते. कोपीत बसून त्या मुलाला आपला धडा ऐकता आला, तर केवढा आधार! पण घरातला एकुलता एक फोन दिवसभर बापाबरोबर फडात असतो, आणि रात्री त्याची बॅटरी उतरलेली असते. ज्याला या चौकटीची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच हाताला ती लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की साधन चांगले आहे, ते शिकलेच पाहिजे. पण वर्गात किती कोड उघडले यावर शिक्षकाची परीक्षा होऊ नये. ज्याच्या घरी फोन नाही, त्या मुलापर्यंत धडा कसा पोचला, यावर ती व्हावी. उद्या हजेरीपट आमच्या हाती येईल, तेव्हा गैरहजर नावापुढे फुली मारून पान उलटावे, की त्या नावाचा पत्ता शोधावा, हे कोणतेही यंत्र आम्हांला सांगणार नाही.