मुळेच्या पाण्यात कोण राहतं?

राहुरीजवळच्या धरणात पोहोचेपर्यंत मुळा नदीचं पाणी आवर्तनांत आणि दशलक्ष घनफुटांत मोजलं जाऊ लागतं. वर, अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या कुशीत, ती अजून खडकांतून उड्या मारत जाणारा ओढा असते. २०२१ साली या वरच्या पाणलोटातल्या एका माशाला विज्ञानात नाव मिळालं. प्रदीप कुमकर आणि सहकाऱ्यांनी त्याला ‘इंडोरिओनेक्टस नीलेशी’ म्हटलं. सह्याद्रीतल्या माशांवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या नीलेश डहाणूकर यांचा हा सन्मान होता.

मासा जेमतेम बोटाएवढा. तोंडाशी मिशा, अंगावर गडद पट्टे आणि मुक्काम तळाच्या दगडगोट्यांखाली. अशा माशांना गावोगावी सरसकट ‘मुरे’ म्हणतात. धो धो पावसाच्या या मुलखात, एवढ्या वर्दळीच्या गडाजवळ राहूनही तो इतकी वर्षं वेगळा ओळखला गेला नव्हता. मग तो नेमका कोणकोणत्या ओढ्यांत आहे, हे कसं शोधायचं? दगडांच्या फटीत जाळं पोहोचत नाही. एकेक दगड उलथत गेलं, तर ज्याला शोधायचं त्याचंच घर मोडतं.

इथे पर्यावरणीय डीएनएचं तंत्र कामाला येतं. मासा पाण्यात सतत काहीतरी सोडत असतो: अंगावरचा चिकट स्राव, मृत पेशी, विष्ठा. त्यातला डीएनए काही तास, काही दिवस पाण्यात टिकतो. फ्रान्समधल्या तळ्यांत शिरलेल्या अमेरिकन बुलफ्रॉग बेडकाचा माग नुसत्या पाण्यावरून लागल्याचं २००८ साली प्रसिद्ध झालं आणि या पद्धतीकडे जगाचं लक्ष गेलं. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी चिलिका सरोवराच्या पाण्यातून तिथल्या जीवसृष्टीचा अंदाज घेतला आहे.

ओढ्यावरचं काम दिसायला साधं, पण शिस्त कडक. नमुना घेणारा प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभा राहतो, म्हणजे त्याच्या बुटांनी ढवळलेलं पाणी बाटलीत येत नाही. हातमोजे दर ठिकाणी नवे. लिटर-दोन लिटर पाणी पातळ गाळणचकतीतून खेचलं जातं. चकतीवर फिकट तपकिरी डाग उरतो. सगळा ऐवज त्या डागात. चकती अल्कोहोलमध्ये बुडवून प्रयोगशाळेत जाते. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटलीही तशीच गाळून न्यायची असते. तिच्यात माशाचा डीएनए सापडला, तर कुठेतरी भेसळ झाली हे उघड आणि त्या दिवसाचे निकाल बाद.

प्रयोगशाळेत पीसीआरने माशांच्या डीएनएचे तुकडे वाढवतात. जपानी संशोधकांनी २०१५ साली सुचवलेली ‘मायफिश’ पद्धत आज बरीच वापरली जाते. ती सुमारे १७० अक्षरांचा एक तुकडा वाचते आणि तो संग्रहातल्या नोंदींशी ताडून पाहते.

खरी अडचण याच पायरीवर आहे. पोलिसांना बोटाचा ठसा मिळाला, पण दप्तरात त्या माणसाची नोंदच नाही, तर ठशाचा उपयोग काय? सह्याद्रीतल्या कितीतरी माशांचे संदर्भ-डीएनए अपुरे आहेत. शिवाय मुऱ्यांच्या जवळच्या जाती एवढ्याशा तुकड्यावरून वेगळ्या ओळखू येतीलच असं नाही. त्यांच्यासाठी वेगळा, नेमका तुकडा निवडावा लागेल. म्हणून हातात मासा धरून, मिशा आणि काटे मोजून त्याला नाव देणारा अभ्यासक या तंत्रामुळे जुना होत नाही, उलट अधिक गरजेचा होतो. ‘नीलेशी’ला आधी नाव मिळालं, म्हणूनच आता त्याला पाण्यात शोधता येईल.

ओढ्याचेही स्वतःचे नियम आहेत. आषाढातल्या गढूळ पाण्याने गाळणी तुंबते, डीएनए विरळ होतो आणि कुजलेल्या पाल्याची द्रव्यं पीसीआर अडवतात. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात तळ्यातल्या पाणपिसवांचा डीएनए नदीत १२ किलोमीटर खाली मिळाला होता. त्यामुळे मुळेच्या वरच्या अंगाला असलेल्या आंबितच्या तलावाखाली खूण सापडली, तर मासा तिथेच आहे असं म्हणता येत नाही. वर चढत, फाट्याफाट्यावर नमुने घ्यावे लागतात.

कळसूबाईच्या रांगेपलीकडे, नाशिक जिल्ह्यात, दारणा वाहते. १९३८ साली होरा आणि मिश्रा या मत्स्यशास्त्रज्ञांनी देवळालीच्या दारणेतून ‘पॅराप्सिलोरिंकस प्रेटेरी’ या माशाचं वर्णन केलं. आज तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. पाण्याला नुसतं विचारून चालेल अशी शोधाची सोय अशाच माशांसाठी हवी. जे आधीच थोडे उरलेत, त्यांना मोजण्यासाठी पुन्हा पकडणं मला पटत नाही.

दिवाळीनंतर ओढे निवळतात, डोह अजून भरलेले असतात. नमुने घेण्याचा तो उत्तम काळ. अकोले-संगमनेरच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, वनविभागाच्या परवानगीने आणि पाचनई-आंबित या गावांतल्या लोकांना सोबत घेऊन, मुळा-प्रवरेच्या उगमांपासून ही नोंद सुरू करावी. नवा बंधारा किंवा बाहेरच्या माशांचं बीज या ओढ्यांत येण्याआधी ती हाती असायला हवी.