एका सिरिंजेतील दोन औषधे

गुडघा सुजून किंवा खांदा जखडून महिनोन्‌महिने गेले आणि गोळ्यांनी गुण येईना, म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञ सांध्यात जे इंजेक्शन देतात, त्यात पुष्कळदा दोन औषधे असतात: दाह शमविणारे स्टेरॉइड आणि जागा बधिर करणारे लिडोकेन किंवा त्याच्या कुळातले दुसरे एखादे. या जोडीला सबळ कारण आहे. स्टेरॉइडचा गुण दिसावयास काही दिवस लागतात. बधिरता मात्र काही मिनिटांत येते, आणि वेदना तत्काळ ओसरली तर सुई नेमक्या जागी पोहोचल्याचा दाखलाही डॉक्टरांना मिळतो. लिडोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी तयार केले. १९५१ च्या सुमारास फिलाडेल्फियाचे जोसेफ हॉलंडर हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात देऊ लागले.

परंतु दोन निर्दोष औषधे एकत्र केली म्हणजे मिश्रणही निर्दोष राहते, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. बधिरता आणणारी ही द्रव्ये मूळची अल्कधर्मी. पाण्यात ती नीट विरघळत नाहीत, सबब त्यांचा हायड्रोक्लोराइड क्षार करून तो आम्लधर्मी द्रावणात ठेवावा लागतो. डेक्सामेथासोन फॉस्फेट या विरघळणाऱ्या स्टेरॉइडच्या द्रावणाचा सामू मात्र साधारण ७ ते ८.५ असतो. ते लिडोकेनच्याच कुळातल्या रोपिव्हाकेनमध्ये मिसळले की मिश्रणाचा सामू चढतो, आणि सामू ६ च्या वर गेल्यावर ज्याची विद्राव्यता झपाट्याने घटते असे हे रोपिव्हाकेन स्फटिकरूपाने बाहेर पडू लागते. लिडोकेन या बाबतीत पुष्कळ सोशिक आहे. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची प्रकृती बधिरता आणणाऱ्या या द्रव्यांच्या अगदी उलट: ते दुर्बल आम्लाचा क्षार असल्यामुळे अल्कधर्मी द्रावणातच सुखाने राहते व आम्लाच्या संगतीत त्याचा अवक्षेप होतो, म्हणूनच त्याचे इंजेक्शन इतर द्रावणांत मिसळू नये, अशी सूचना त्याच्या माहितीपत्रकात दिलेली असते.

दोन स्वच्छ द्रावणे मिसळल्यावर गढूळ झाली, तर निदान डोळ्यांना इशारा मिळतो. माझ्या मते खरी अडचण पुढेच आहे. ट्रायॲमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेट ही सांध्यात दीर्घकाळ टिकणारी स्टेरॉइडे विरघळलेली नसतातच. सूक्ष्म कणांच्या निलंबनरूपात ती दुधासारखी पांढरीच असतात. लिडोकेनच्या अनेकदा वापरावयाच्या मोठ्या कुपीत टिकाऊपणासाठी पॅराबेन घातलेले असते, आणि त्याच्या सान्निध्यात हे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनू शकतात. पण मुळातच पांढऱ्या असलेल्या द्रवात हा बिघाड वरवर पाहणाऱ्याच्या ध्यानात यावा कसा? सांध्याच्या पोकळीत असा पुंजका एक वेळ पचेल. पण असेच इंजेक्शन मणक्यात देताना जवळच्या धमनीत तो शिरला, तर मज्जारज्जूचा किंवा मेंदूचा रक्तपुरवठा खुंटण्याचे भय असते. मणक्यातील स्टेरॉइड इंजेक्शनांनंतर क्वचित, परंतु अंधत्व, पक्षाघात आणि मृत्यू यांपर्यंत जाणारे अपाय घडल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली दिला होता. त्या अपायांचे सारे खापर मिश्रणावर फोडता येणार नाही. तरीही तेथे कणांचा आकार ही क्षुल्लक बाब नव्हे, एवढे निश्चित.

म्हणून मिश्रण वर्ज्यच करावे, असे माझे म्हणणे नाही. सिडनीच्या केर व कोहान या डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत गुडघा किंवा खुबा बदलताना भोवतालच्या ऊतींत रोपिव्हाकेन, केटोरोलॅक हे वेदनाशामक आणि ॲड्रेनलिन यांचे एकत्र द्रावण सोडले जाते. तेथे औषधे, प्रमाण आणि विरलता ही सारी अगोदर ठरवलेली असतात. हाताशी आलेल्या दोन कुप्या एकत्र करण्याच्या सवयीत यांतले काहीच नसते.

वाचकांना एवढीच विनंती, की सांध्यात किंवा मणक्यात इंजेक्शन घेण्यापूर्वी त्यात काय काय मिसळणार आहे आणि बधिरतेचे औषध पॅराबेनविरहित आहे काय, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. प्रथम स्टेरॉइड सिरिंजमध्ये ओढावे, त्यामागून लिडोकेन घ्यावे, दोन्ही हलक्या हाताने मिसळून विनाविलंब टोचावे, आणि उरलेले मिश्रण पुढच्या रुग्णासाठी न ठेवता टाकून द्यावे, हीच डॉक्टरांसाठी मिश्रणाची योग्य रीत आहे.