नशिबाची शर्यत, पागेचा हिशेब

लिव्हरपूलजवळच्या एनट्री इथं २६ फेब्रुवारी १८३९ रोजी पहिली अधिकृत ग्रँड नॅशनल शर्यत झाली. सतरा घोडे धावले आणि जो जिंकला त्याचं नाव होतं लॉटरी. पुढची पावणेदोनशे वर्षं इंग्लंडातल्या सामान्य माणसानं या शर्यतीकडे लॉटरी म्हणूनच पाहिलं. वर्षभर घोड्यांचं नावही न काढणारी माणसं एप्रिलमधल्या त्या एका शनिवारी पैज लावतात. कुणी नाव आवडलं म्हणून, कुणी जॉकीच्या सदऱ्याचा रंग आवडला म्हणून. तिथं नेमानं घोडे खेळणारे या पैजांना हसत आणि निकाल लागल्यावर पुष्कळदा गप्प बसत. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र चित्र पालटलं आहे. शर्यत तीच, मैदान तेच, पण जिंकणारा घोडा वेगळ्या जातकुळीचा झाला आहे.

या शर्यतीची सुरुवात एका हॉटेलवाल्याच्या डोक्यातून झाली. लिव्हरपूलमध्ये वॉटर्लू हॉटेल चालवणाऱ्या विल्यम लिन यांनी लॉर्ड सेफ्टन यांच्याकडून एनट्रीची जमीन भाड्यानं घेतली आणि १८२९ मध्ये तिथं सपाट मैदानावरच्या शर्यती सुरू केल्या. अडथळ्यांच्या शर्यतीची कल्पना नंतरची. १८३६ मध्येही तशी एक शर्यत झाली होती. कॅप्टन मार्टिन बीचर यांनी ‘द ड्यूक’ या घोड्यावरून ती जिंकली. हेच बीचर १८३९ मध्ये कॉनरॅड या घोड्यावरून एका ओढ्यात पडले आणि मागून येणारे घोडे डोक्यावरून जाईपर्यंत तिथंच दबून राहिले. शर्यत जिंकून मिळालं नाही ते अमरत्व त्यांना पडण्यानं दिलं. तो अडथळा आजही ‘बीचर्स ब्रुक’ म्हणून ओळखला जातो.

आपल्याकडच्या रेसच्या शौकिनाला या शर्यतीचा आवाका सहज ध्यानात येणार नाही. महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची, सपाट ट्रॅकवरची. अडीच मिनिटांच्या आसपास निकाल हाती. ग्रँड नॅशनल सव्वाचार मैलांहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे सात किलोमीटरची. दोन फेऱ्या आणि तीस उड्या. नऊ-दहा मिनिटं घोडा धावतच असतो. १९९० मध्ये मिस्टर फ्रिस्कनं ८ मिनिटं ४७.८ सेकंदांत शर्यत पुरी केली, तो विक्रम आजवर टिकून आहे.

अडथळे सोळा. त्यांतले चौदा दोनदा पार करायचे. ‘द चेअर’ आणि पाण्याची उडी एकदाच. सगळ्यांवर स्प्रूसच्या हिरव्या फांद्यांचं आवरण असतं. ‘द चेअर’ सर्वांत उंच, पाच फूट दोन इंच, आणि त्याच्या अलीकडे रुंद चर. बीचर्स ब्रुकची गोम पलीकडच्या बाजूला आहे. तिथली जमीन खोल असल्यानं घोडा अंदाजापेक्षा खाली उतरतो. ‘कॅनल टर्न’ला उडी संपते न संपते तोच डावीकडे काटकोनात वळावं लागतं. हे सगळं पार केल्यावर शेवटच्या कुंपणापासून विजयरेषेपर्यंत जवळपास साडेचारशे मीटरची सपाट धाव उरते. दम संपलेल्या घोड्याचा खरा निकाल तिथं लागतो.

यावर भर म्हणजे हँडिकॅप. १८४३ पासून ही शर्यत हँडिकॅप पद्धतीनं होते. घोडा जितका चांगला, तितकं जास्त वजन त्याच्या पाठीवर. वजनाचं माप जुनंच, स्टोन आणि पौंड. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, साधारण ६.३५ किलो. सरस आणि सामान्य घोड्यांना एका पातळीवर आणायचं, हा त्यामागचा हेतू. सात किलोमीटर, तीस उड्या, घोड्यांची गर्दी आणि वर हे वजन, असं सगळं जमून आल्यावर फेव्हरिट घोडा हरला तर आश्चर्य ते कसलं!

फ्लूक निकालांची यादी म्हणूनच लांबलचक आहे. १९२८ मध्ये ४२ घोडे धावले. ईस्टर हीरो कॅनल टर्नच्या अडथळ्यात अडकला, मागच्यांची वाट बंद झाली, आणि शेवटी न पडता परतला तो एकटा टिपेररी टिम. भाव एकाला शंभर. दुसरा आलेला बिली बार्टन शेवटच्या कुंपणाशी पडून, पुन्हा स्वार चढवून आला होता. तिसरा कुणी पोचलाच नाही. पुढच्याच वर्षी ६६ घोडे धावले. एवढी गर्दी या शर्यतीनं त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. जिंकला ग्रेगलॅक. भाव पुन्हा एकाला शंभर.

पण फ्लूक म्हटलं की तिथला माणूस नाव घेतो ते फॉइनव्हॉनचं. साल १९६७, घोडे ४४. दुसऱ्या फेरीत तेविसाव्या अडथळ्याजवळ पॉपहॅम डाउन नावाचा, स्वार गमावून मोकळा धावणारा घोडा आडवा वळला. पुढचे घोडे कुंपणाला थडकले, मागचे त्यांच्यावर आदळले, जॉकी हवेत, घोडे उलट दिशेला. फॉइनव्हॉन इतका मागे होता की तो येईपर्यंत त्याच्या जॉकीला, जॉन बकिंगहॅमला, सगळा गोंधळ नीट दिसत होता. त्यानं कडेची फट शोधली, घोडा पलीकडे काढला आणि पंधरा लेंग्थनं, म्हणजे पंधरा घोड्यांच्या लांबीनं, शर्यत मारली. ट्रेनर जॉन केम्प्टन त्या दिवशी एनट्रीला नव्हतेच. ते वूस्टरच्या रेसकोर्सवर होते. घोड्याचा मालकही घरीच होता. तो अडथळा आज फॉइनव्हॉनच्या नावानं ओळखला जातो.

दैव कधी उलटही फिरलं. १९५६ मध्ये राजमातेचा घोडा डेव्हन लॉक शेवटचं कुंपण ओलांडून आरामात पुढे होता. विजयरेषा हाताच्या अंतरावर असताना सपाट जमिनीवर त्याचे पाय अचानक फाकले आणि तो पोटावर बसला. कारण आजही नक्की सांगता येत नाही. ईएसबी हा घोडा शेजारून जाऊन जिंकला. डेव्हन लॉकवरचा जॉकी डिक फ्रान्सिस पुढे रेसच्या दुनियेतल्या गुन्हेगारी कादंबऱ्या लिहून जगप्रसिद्ध झाला. १९९३ मध्ये तर विजेताच नाही. सुरुवातीची दोरी नीट उडाली नाही, चुकीची सुरुवात झाल्याचा इशारा बहुतेक जॉकींपर्यंत पोचला नाही, आणि तीस जण तसेच धावत सुटले. एशा नेस पहिला आला, पण शर्यत रद्द ठरली.

या सगळ्या दैवाच्या गोष्टींत एक घोडा मात्र पुन्हा पुन्हा जिंकून गेला. रेड रम. त्याचे ट्रेनर जिंजर मकेन साउथपोर्टला जुन्या मोटारी विकत, आणि पागा त्या शोरूमच्या मागे. सहा हजार गिनींना घेतलेल्या या घोड्याच्या खुरात हाडाचा आजार होता. मकेन त्याला समुद्रकाठच्या वाळूत पळवत, खाऱ्या पाण्यातून चालवत. घोडा सुधारला. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेला क्रिस्प हा दणकट घोडा १२ स्टोन वजन घेऊन बराच पुढे धावत होता. रेड रमच्या पाठीवर त्याच्यापेक्षा २३ पौंड कमी. शेवटच्या धावेत क्रिस्पचे पाय जड झाले आणि रेड रमनं त्याला विजयरेषेजवळ गाठून पाऊण लेंग्थनं मागे टाकलं. ज्यांनी ती शर्यत पाहिली त्यांना हँडिकॅप म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागलं नाही. पुढच्या वर्षी बारा स्टोन रेड रमच्याच पाठीवर आले, तरी तो जिंकला. १९७५ आणि १९७६ मध्ये दुसरा, १९७७ मध्ये पुन्हा पहिला. तीनदा ही शर्यत जिंकणारा दुसरा घोडा १९७७ नंतरच्या जवळपास अर्धशतकात झाला नाही. १९९५ मध्ये रेड रम गेला. एनट्रीच्या विजयस्तंभाजवळच त्याला पुरलं आहे.

माणसांच्या बाबतीतही या शर्यतीनं बरीच दारं उघडली, पण सावकाश. १९७७ मध्ये शार्लट ब्रू या शर्यतीत धावणारी पहिली स्त्री जॉकी ठरली. १९८२ मध्ये जेराल्डिन रीस यांनी शर्यत पूर्ण केली, १९८३ मध्ये जेनी पिटमन विजेत्या घोड्याच्या पहिल्या स्त्री ट्रेनर झाल्या. स्त्री जॉकीनं जिंकायला २०२१ उजाडलं: मिनेला टाइम्सवरून आयर्लंडची रेचल ब्लॅकमोर.

या सोहळ्याची दुसरी बाजू रक्ताची आहे. घोडे पडतात, पाय मोडतात आणि मोडलेल्या पायाचा घोडा बहुधा वाचवता येत नाही. १९८९ मध्ये बीचर्स ब्रुकला दोन घोडे मेल्यावर तो ओढा बुजवून पलीकडचा उतार सौम्य केला गेला. २०१२ मध्ये पुन्हा दोन घोडे गेले, त्यांत चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकलेला सिंक्रोनाइज्ड होता. पुढच्या वर्षापासून कुंपणांच्या आतला लाकडी गाभा काढून तिथं लवचीक प्लॅस्टिक बसवलं. २०२३ मध्ये प्राणिहक्कवाल्यांनी मैदानात घुसून शर्यत अडवली, शंभराहून जास्त जणांना अटक झाली, आणि उशिरा सुटलेल्या शर्यतीत पहिल्याच कुंपणाला हिल सिक्स्टीन हा घोडा मेला. त्यानंतर नियम आणखी आवळले. २०२४ पासून घोड्यांची कमाल संख्या ४० वरून ३४ झाली. सुरुवातीचा वेग आटोक्यात राहावा म्हणून पहिलं कुंपण साठ यार्ड अलीकडे आणलं. प्रवेशासाठी लागणारं किमान रेटिंग १२५ वरून १३० केलं. त्या वर्षी ३२ धावले, २१ पोचले आणि एकही घोडा पडला नाही. टिपेररी टिमच्या काळातल्या माणसाला हे खरं वाटलं नसतं.

निकालांचं गणितही याच काळात फिरलं, आणि ते आकड्यांत स्वच्छ दिसतं.

आधी वजन. १९८३ मध्ये कॉर्बिएर ११ स्टोन ४ पौंडांवर जिंकला. त्यानंतर २००५ मध्ये हेजहंटर येईपर्यंत ११ स्टोनपेक्षा जास्त वजनाचा एकही घोडा जिंकला नाही. त्यामुळे अकरा स्टोनवरचा घोडा सरळ खोडायचा, हा पैज लावणाऱ्यांचा जवळपास धर्मच झाला होता. पुढे वजन ठरवणाऱ्या हँडिकॅपरनं वरच्या घोड्यांना वजनात थोडी सूट द्यायला सुरुवात केली आणि तो धर्म बुडाला. २०१५ मध्ये मेनी क्लाउड्स ११-९ वर जिंकला. २०१९ मध्ये टायगर रोल ११-५, २०२४ मध्ये आय ॲम मॅक्सिमस ११-६, २०२५ मध्ये निक रॉकेट ११-८.

वयाचा बदल तर आणखी ठळक. १८५३ मध्ये पीटर सिंपल पंधराव्या वर्षी जिंकला होता. अनुभवी, मुरलेला घोडाच एनट्रीला टिकतो, असा समज होता. २०१२, २०१३ आणि २०१४ चे तिन्ही विजेते अकरा वर्षांचे होते. त्यानंतर २०२५ पर्यंत नऊ वर्षांहून मोठा एकही घोडा जिंकलेला नाही. २०२२ मध्ये नोबल येट्स सात वर्षांचा. या वयाचा विजेता १९४० नंतर पहिलाच. कुंपणं मऊ झाली तसा नुसत्या जपून उड्या मारण्याचा फायदा घटला आणि तरुण पायांतल्या वेगाला मोल आलं.

भावाचंही तेच. २०१३ ते २०१६ चे चारही विजेते एकाला पंचवीस किंवा त्याहून चढ्या भावाचे. २०१७ ते २०२५ या काळातल्या आठ शर्यतींत (२०२० ची कोरोनामुळे झाली नाही) सहा विजेते एकाला चौदा किंवा त्याहून खालचे, म्हणजे आधीपासून नजरेत असलेले. टायगर रोल २०१९ मध्ये एकाला चार भावानं जिंकला. रेड रमनंतर लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिलाच घोडा.

आणि शेवटी पागा. १९७५ नंतर आयर्लंडला पुढच्या विजयासाठी १९९९ पर्यंत, बॉबीजोपर्यंत, थांबावं लागलं होतं. २०१६ ते २०२५ मधल्या नऊ शर्यतींपैकी सात आयर्लंडच्या घोड्यांनी जिंकल्या, उरलेल्या दोन स्कॉटलंडच्या लुसिंडा रसेल यांच्या पागेनं. या दहा वर्षांत इंग्लंडच्या पागेला आपल्याच शर्यतीत एकही विजय नाही. २०२५ मध्ये आयर्लंडच्या विली मुलिन्स यांचे घोडे पहिले तिन्ही आले, शिवाय पाचवा आणि सातवाही त्यांचाच. निक रॉकेटवर स्वार होता त्यांचा मुलगा पॅट्रिक, हौशी जॉकी. त्या विजयानंतर मुलिन्सना मुलाखतीत बोलवेना.

रेटिंगची अट वाढली, जागा घटल्या, बक्षिसाची रक्कम दहा लाख पौंडांवर गेली. एवढ्या पैशासाठी मोठ्या पागा आपले उत्तम घोडे पाठवू लागल्या, आणि मोटारीच्या दुकानामागे घोडा तयार करणाऱ्यासाठी रांग लांबली. घोडे कमी मरावेत यासाठी ही किंमत योग्यच आहे, पण ती किंमत आहे हे मान्य करायला हवं. यापुढे कुणी एनट्रीचं कोष्टक मांडायला बसलाच, तर त्यानं २०१५ च्या आधीचे आकडे इतिहास म्हणून वाचावेत आणि हिशेब आठ-नऊ वर्षांच्या, वरच्या रेटिंगच्या आयरिश घोड्यापासून सुरू करावा. तरीही निक रॉकेटचा भाव एकाला तेहतीस होता, हे विसरू नये.