शाळेची जागा आणि शाळेची वाट

गावची शाळा वाढवावयाची म्हटले, की एखाद्या उदार दात्याने देऊ केलेला सपाट, काळाभोर तुकडा प्रथम डोळ्यांत भरतो. परंतु दख्खनच्या बेसाल्टापासून झिजून बनलेल्या त्या मातीतील माँटमोरिलोनाइट या खनिजाचे सूक्ष्म थर पावसाळ्यात पाणी शोषून फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, आणि उथळ पायाच्या भिंतींस तडे जातात. पाया मुरमापर्यंत नेल्यास हा दोष टळतो, पण खर्च वाढतो. म्हणून उंचवट्यावरील मुरमाड माळ, पिकास निरुपयोगी असला तरी, विद्यालयास माझ्या मते अधिक हितकर होय.

त्याहून बिकट प्रश्न वाटेचा. सातबाराच्या उताऱ्यावरून मालकी व क्षेत्र कळते, वाट कळतेच असे नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ अन्वये तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो खरा, परंतु ती तरतूद शेतकऱ्यास आपल्या शेतात जाण्यासाठी आहे, शाळेच्या बसगाडीसाठी नव्हे. तेव्हा वाटेचा हक्क खरेदीखतात वा बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्यावा, आणि आषाढातल्या संततधारेत ओढा दुथडी वाहत असता लहान मुले कोठून येतील, हे शाळा समितीच्या सभासदांनी भर पावसात स्वतः चालून पाहावे.