पोवाड्यातला तानाजी, कवितेतले सात वीर

युद्धकविता म्हणजे नुसता तलवारींचा खणखणाट, असं वाटत असेल तर तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा एकदा जरूर वाचा. लढाई येते फार पुढे. आधी येते ती जिजाऊ आणि शिवरायांची सोंगट्यांची बाजी, मग तानाजीच्या घरातली मुलाच्या, रायबाच्या लग्नाची लगबग आणि त्यात आलेला शिवरायांचा निरोप. कर्तव्य म्हणजे काय, हे शाहीर सांगत बसत नाही. लग्नघर, पाहुणे, म्हातारे शेलारमामा हे सगळं डोळ्यांसमोर उभं करतो आणि तानाजी काय मागे ठेवून निघाला ते आपसूक कळतं. १६७० साली गड घेताना तो पडला. पोवाड्यात अतिशयोक्ती भरपूर आहे, तो इतिहास म्हणून वाचू नये; पण त्यागाचं मोल इतक्या नेमकेपणाने मांडणारं मराठीत फार थोडं आहे.

कुसुमाग्रजांची ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ अगदी वेगळी. सुरुवात महाराजांच्या बोचऱ्या पत्राने होते. सेनापती प्रतापराव गुजरांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला सोडून दिलं, हा त्यामागचा राग. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ ते मोजक्या स्वारांसह आदिलशाही फौजेवर तुटून पडले. डावपेचाच्या दृष्टीने हा अविचारच. कवी तो लपवत नाही, ‘वेड’च म्हणतो, आणि तरी आपण नतमस्तक होतो. मला ही कविता म्हणूनच थोर वाटते.

या कवितेचं गाणं ऐकलं असेलच. आता मूळ कविता सबंध वाचा, पत्रापासून.